गाठीच्या अंगावरची साखर

ओझर-पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात साखरेचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापाचा. पण घरात कुणाला कॅन्सर निघाला की हीच साखर वैरीण ठरते. ‘गोड खाल्लं की गाठ पसरते,’ असं भेटायला येणारा प्रत्येक जण ऐकवून जातो. गाठ पसरण्यात साखरेचा हात असतो, हे खरं. फक्त ती साखर डब्यातली नव्हे.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या बहुतेक प्रथिनांना शर्करांच्या साखळ्या जडलेल्या असतात. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल असे त्यातले मणी. या प्रथिनांना ग्लायकोप्रोटीन म्हणतात. एका मण्याने काय होतं ते रक्तगटावरून कळावं. ए गटात साखळीच्या टोकाला एन-असेटिलगॅलॅक्टोसमाइन, बी गटात गॅलॅक्टोज. फरक एवढाच, पण रक्ताची चुकीची बाटली चढली तर माणूस दगावू शकतो. या साखळ्या पेशी स्वतःच्या विकरांकडून घडवून घेते. लागणारं ग्लुकोज रक्तात असतंच, आपण चहा बिनसाखरेचा घेतला तरी. मधुमेह नसलेल्या, आधीच खंगलेल्या रुग्णाचं गोड तोडण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

कर्करोगाच्या पेशीत या विकरांचं गणित बिघडतं. जीएनटी-फाइव्ह नावाचं विकर वाढलं की साखळीला एक जादा फांदी फुटते. ही फांदी ओळखायला प्रयोगशाळेत काय वापरतात? राजम्यातलं लेक्टिन! लेक्टिन म्हणजे ठरावीक शर्करेला चिकटणारं प्रथिन. कोरेगावचा वाघ्या घेवडा राजम्याच्याच जातीचा. कच्चा राजमा पोटाला बाधतो तो अशाच लेक्टिनमुळे. नीट उकळला की ते निकामी होतं. गाठीचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेऊन त्यावर हे लेक्टिन सोडतात, मग रंगाची प्रक्रिया करतात. जिथे जादा फांद्या, तिथे काप तपकिरी होतो. गाठीची पसरण्याची क्षमता आणि ही फांदी यांचा थेट संबंध कॅनडातल्या जेम्स डेनिस यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवला.

पण गाठीतून सुटलेली पेशी कधी कधी फुप्फुसातच का जाऊन बसते? याचं एक उत्तर आपल्या खारघरला शोधलं गेलं. डॉ. वसंत खानोलकरांनी १९५२ मध्ये परळला उभारलेल्या कर्करोग संशोधन केंद्राचा वारसा सांगणारी ॲक्ट्रेक ही टाटा स्मारकाची संस्था तिथे आहे. तिथल्या डॉ. राजीव कालरैया यांच्या गटाने उंदरांतल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, पेशी अभ्यासल्या. फुप्फुसात हटकून जाणाऱ्या पेशींच्या फांद्यांवर गॅलॅक्टोज आणि एन-असेटिलग्लुकोसमाइन यांच्या जोड्यांची लांब माळ जास्त होती. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर गॅलेक्टिन-३ हे शरीराचं स्वतःचं लेक्टिन मुबलक असतं. ते या माळेला धरून ठेवतं. रक्तातून वाहत आलेली पेशी तिथे अडकते. २००९ च्या त्यांच्या शोधनिबंधात आणखी एक बारकावा आहे: प्रथिनाच्या नायट्रोजनला जोडलेल्या साखळीवरची माळच उपयोगी पडते, ऑक्सिजनला जोडलेल्या साखळीवरची नाही. हे उंदरांतलं आहे, माणसासाठी त्यावरून लगेच औषध निघत नाही. तरी रोगाची वाट एवढी स्पष्ट दिसणं ही छोटी गोष्ट नव्हे.

दवाखान्यात मात्र या साखळ्या आधीच पोचल्या आहेत. यकृताच्या कॅन्सरसाठी एएफपी या रक्तातल्या प्रथिनाच्या चाचणीत मसुराच्या लेक्टिनला चिकटणारा हिस्सा वेगळा मोजता येतो. त्यावर एक जादा फ्यूकोज असतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी वापरली जाणारी सीए १९-९ तर शर्करेचीच साखळी मोजते. पण शेकडा पाच ते दहा माणसांत ती साखळी घडवणारं विकरच नसतं. अशांचा रोग वाढलेला असूनही आकडा साधा येऊ शकतो. उलट पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी आकडा चढतो.

म्हणून कॅन्सर तपासणीच्या पॅकेजात आहे एवढ्यावरून सीए १९-९ करून घेऊ नका. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली तरच करा, आणि अहवाल त्यांच्याकडूनच समजून घ्या.