परगावची पहिली खोली : सामान स्वस्त की महाग, हे खोली सोडताना कळते!

भोर आणि वेल्हे या दोन्ही मावळी तालुक्यांत पावसाळ्याचे तोंड दोन खर्च एकदमच घेऊन येते. एकीकडे भाताचे बियाणे, खते आणि त्यापाठोपाठ लावणीची मजुरी; दुसरीकडे बारावी झालेल्या मुलामुलींच्या पुण्यातील प्रवेशांची धावपळ. भोरमध्ये महाविद्यालय आहे, धांगवडीला अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. तरीही अनेक शाखांसाठी, शिकवण्यांसाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुणे गाठण्यावाचून पर्याय उरत नाही. अंतर म्हणाल तर भोरहून अवघे पन्नासेक किलोमीटर. परंतु वेल्ह्याच्या, म्हणजे २०२५ मध्ये अधिकृतपणे 'राजगड' असे नामकरण झालेल्या तालुक्याच्या, डोंगरी गावांतून रोज जाऊन-येऊन शिक्षण घेणे अशक्यप्राय आहे. त्यामुळे खोली घेणे ओघाने आलेच.

महाविद्यालयाचे शुल्क किती, हे घरात सर्वांना ठाऊक असते. खोली मांडण्याचा खर्च मात्र कोणीच आधी धरत नाही. अनामत, दलाली, पहिल्या महिन्याचे भाडे आणि त्यावर कॉट, गादी, शेगडी, भांडी, टेबल असा सगळा भार एकाच महिन्यात अंगावर येतो. मग लावणीसाठी राखलेल्या पैशांना हात लागतो किंवा बचत गटाकडून कर्ज उचलावे लागते. हा भार हलका करण्याचा मार्ग म्हणजे केवळ 'कमी किमतीच्या वस्तू घेणे' नव्हे. दोन-तीन वर्षांनी खोली सोडताना त्या वस्तूचे काय होणार, याचा विचार ती घेतानाच करणे अधिक फायद्याचे ठरते.

आधी वसतिगृह, मग खोली

सर्वांत स्वस्त सामान म्हणजे जे विकतच घ्यावे लागत नाही ते. वसतिगृहात कॉट, टेबल, कपाट मिळते; म्हणून खोलीचा विचार वसतिगृहांचे सर्व दरवाजे ठोठावून झाल्यावरच करावा. महाविद्यालयाच्या वसतिगृहाखेरीज समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहे आहेत. ग्रामीण भागातून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही वसतिगृहे चालवते.

प्रवेश न मिळाल्यास शासनाच्या काही योजनांचा आधार आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवण्यात आले. त्यात भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार अशी विभागणी होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. मात्र, या योजनांचे पैसे अर्जाची आणि कागदपत्रांची तपासणी झाल्यावर खात्यात जमा होतात. खोली मांडण्याच्या दिवशी ते हातात नसतात. त्यामुळे त्यांच्या भरवशावर पहिल्याच महिन्यात मोठी खरेदी करणे धोक्याचे ठरते.

करारासोबत यादी हवीच

खोली मिळाली की पहिला खर्च अनामतीचा, आणि ती परत मिळणे हीदेखील बचतच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकण्यात आली आहे. साधारणपणे अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार केला जातो.

या कराराला घरातील वस्तूंची यादी जोडून घ्यावी. पंखे किती, दिवे किती, नळ कोणत्या अवस्थेत आहेत, ओट्याची फरशी तडकलेली आहे काय, भिंतीला ओल आहे काय, हे सारे त्यात नमूद असावे. सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे आणि नळाचे छायाचित्र काढून ते घरमालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवावे. दोन वर्षांनी 'हा नळ तुम्हीच मोडला' असा वाद निघाल्यास हीच छायाचित्रे उपयोगी पडतात.

पहिल्या आठवड्यात काय लागते?

पहिल्या रात्री झोपायला अंथरूण-पांघरूण, अंघोळीला बादली आणि तांब्या, प्यायच्या पाण्यासाठी झाकणाचे भांडे, ताट-वाटी-पेला, एक दिवा आणि दाराला स्वतःचे कुलूप एवढे पुरे होते. यातील बहुतेक वस्तू घरूनच आणता येतात. आईने किंवा आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ही खोलीतील सर्वांत टिकाऊ वस्तू ठरते. सतरंजीवर दोन गोधड्या टाकल्या, तर गादीची खरेदी महिनाभर सहज पुढे ढकलता येते.

हा महिनाभराचा अवधी महत्त्वाचा आहे. खोली घेतल्याच्या दिवशी घाईने केलेली खरेदी हमखास महाग पडते; कारण त्या दिवशी भाव करायला वेळ नसतो आणि नेमके काय लागणार याचा अंदाजही नसतो. डबा लावायचा की स्वयंपाक करायचा, अभ्यास खोलीत होणार की अभ्यासिकेत, हे महिन्याभरात कळते. अभ्यासिकेत जागा घेतलेल्या विद्यार्थ्याला टेबल लागतच नाही, तर डबा लावलेल्याला कुकर लागत नाही.

घरचा तांदूळ हा भोर-वेल्ह्याच्या मुलांचा मोठा आधार. परंतु पावसाळ्यात पोत्यात ठेवलेल्या तांदळाला ओल धरते आणि कीड लागते. त्यामुळे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हा खर्च टाळू नये; तांदूळही थोडा थोडा आणावा.

जुने काय घ्यावे, काय घेऊ नये?

पुण्यात जुन्या सामानाला तोटा नाही. मंगळवार पेठेतील जुना बाजार परंपरेने रविवारी आणि बुधवारी भरतो. तेथे लोखंडी सामानापासून भांड्यांपर्यंत अनेक वस्तू मिळतात. नवी भांडी घ्यायची तर तुळशीबाग आणि खिळे, कड्या, दोऱ्या, कुलपे यांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी ही ठरलेली ठिकाणे आहेत. परंतु विद्यार्थ्याला खरा फायदा होतो तो शिक्षण संपवून खोली सोडणाऱ्या विद्यार्थ्यांकडून सामान घेण्यात. धनकवडी, आंबेगाव, नऱ्हे या भागांत किंवा स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या सदाशिव पेठेत परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या होऊ लागतात. सोडणाऱ्याला सामान गावी नेणे परवडत नाही, म्हणून तो कमी भावात देतो. महाविद्यालयांचे आणि अभ्यासिकांचे सूचनाफलक त्या दिवसांत अवश्य पाहावेत.

लोखंडी कॉट, लोखंडी पायांचे टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलची भांडी, बादल्या, पुस्तकांची मांडणी या वस्तू जुन्या घेण्यास हरकत नाही. कॉट घेताना जोड हलतात काय आणि गंज आतपर्यंत गेला आहे काय, एवढे तपासावे.

गादी, उशी आणि कापडी बैठकीचे सामान मात्र जुने घेऊच नये. शिवणींत आणि घड्यांत ढेकूण लपलेले असतात. एकदा ते खोलीत शिरले की औषधफवारणीचा खर्च नव्या गादीहून जास्त होतो. गावाकडे घरात पडून असलेली कापसाची गादी असेल, तर कापूस पिंजून ती नव्याने भरून घेता येते. गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर कधीही जुना घेऊ नये. जुना कुकर घेतल्यास झाकणाची रबरी रिंग आणि सुरक्षा झडप लगेच बदलावी.

खरी किंमत कशी काढावी?

वस्तूची किंमत म्हणजे दुकानदाराला दिलेले पैसे, असा समज असतो. प्रत्यक्षात त्यात टेंपोचे भाडे आणि हमाली मिळवावी लागते आणि खोली सोडताना मिळणारी रक्कम वजा करावी लागते. समजा, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे नवे टेबल ३,००० रुपयांना मिळाले. अशा फळ्या ओलीने फुगतात, एकदा सुटे केल्यावर स्क्रू पुन्हा धरत नाहीत आणि दोन वर्षांनी त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणजे पूर्ण ३,००० खर्ची पडले. उलट, जुने लोखंडी पायांचे टेबल १,२०० रुपयांना घेतले, आणायला ३०० लागले आणि दोन वर्षांनी ते ८०० रुपयांना विकले, तर त्याचा खरा खर्च ७०० रुपये झाला.

हेच गणित उलटही फिरते. शहराच्या दुसऱ्या टोकाला ५०० रुपयांत मिळणाऱ्या कपाटाला टेंपो आणि तीन जिने चढवण्याची हमाली धरून ९०० रुपये लागणार असतील, तर ते स्वस्त नव्हे. जड वस्तू शक्यतो त्याच भागातून घ्यावी.

फर्निचर मासिक भाड्याने देणाऱ्या कंपन्याही पुण्यात आहेत. चार-सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी तो मार्ग सोयीचा आहे. परंतु महिना ५०० रुपये भाडे धरले, तरी दोन वर्षांचे १२ हजार रुपये होतात आणि अखेरीस हातात वस्तू राहत नाही.

शेगडी आणि वीज : येथे काटकसर नको

परगावच्या विद्यार्थ्याला पत्त्याच्या पुराव्याअभावी घरगुती गॅसजोडणी मिळणे अवघड जाते. त्यामुळे अनेक जण बेकायदा भरून मिळणाऱ्या छोट्या टाक्या वापरतात. हा प्रकार जिवाशी खेळ आहे. तेल कंपन्यांचा पाच किलोचा अधिकृत सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो; इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याला 'छोटू' असे नाव दिले. वितरकाप्रमाणेच काही पेट्रोल पंपांवर आणि दुकानांतही तो उपलब्ध असतो.

विजेच्या शेगडीचा विचार करताना आधी भिंतीवरील सॉकेट पाहावे. लहान सॉकेट सहसा सहा अँपिअरचे असते. २३० व्होल्टला त्याची क्षमता सुमारे १,४०० वॉट होते. इंडक्शन शेगडी मात्र पूर्ण क्षमतेने २,००० वॉटपर्यंत वीज ओढते. पाणी तापवण्याचा साधा रॉडदेखील १,५०० वॉटचा असू शकतो. यांना सोळा अँपिअरचे मोठे सॉकेट हवे. लहान सॉकेटला जोडणी लावून काम भागवल्यास वायर तापते आणि आग लागण्याचा धोका संभवतो. रॉड, शेगडी आणि जोडवायर 'आयएसआय' चिन्ह पाहूनच घ्यावी.

सामान खोलीचे, माणसाचे नव्हे

एका खोलीत तिघे राहिले की भाड्याची वाटणी होते, सामानाची होत नाही. एकाने शेगडी घेतली, दुसऱ्याने कुकर. मधेच एक जण निघून गेला की भांडण ठरलेले. यावर जुन्या पिढीकडे तोडगा होता. गिरणगावात कामाला गेलेल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या असत. प्रत्येकाची स्वतःची एक ट्रंक आणि वळकटी. बाकी खोली गावाची. माणसे पाळीप्रमाणे येत-जात, जेवण खानावळीत होई.

आजच्या विद्यार्थ्यांनाही हा नियम लागू पडतो. अंथरूण, ताट, पुस्तके ज्याची त्याची. शेगडी, कुकर, बादल्या, टेबल खोलीचे. प्रत्येक सामाईक वस्तूची किंमत वहीत मांडावी आणि दरवर्षी ती ठराविक हिश्शाने कमी धरावी. जाणाऱ्याला त्या वेळच्या किमतीतील त्याचा भाग मिळावा आणि नव्याने येणाऱ्याने तेवढा भरावा. एकाच गावातील मुले पाठोपाठ त्याच खोलीत येत राहिली, तर खोली दरवर्षी नव्याने मांडावीच लागत नाही.

सातासमुद्रापार गेले तरी

पुण्यातून पुढे परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांनाही हेच गणित पुन्हा मांडावे लागते; फरक चलनाचा आणि तेथील रीतीचा. जर्मनीत अनेक घरे ओटा आणि दिवेसुद्धा नसलेल्या अवस्थेत भाड्याने दिली जातात. त्यामुळे तेथे विद्यार्थी वसतिगृहातील सुसज्ज खोली मिळवणे हीच मोठी बचत असते. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या बहुधा सामानासह मिळतात आणि सामानाची यादी तपासून सही करावी लागते. २०१९ च्या कायद्याने तेथे सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. अमेरिकेत सत्र संपताना विद्यार्थी रस्त्याकडेला चांगले सामान ठेवून जातात. परंतु ढेकणांची भीती तेथेही आहे, म्हणून गाद्या आणि सोफे उचलू नयेत.

जाताना नेण्याच्या सामानातही विचार हवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असल्याने येथील २३० व्होल्टचा मिक्सर तेथे चालत नाही. युरोपात तो प्लग बदलून चालू शकतो. नुसत्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटले तरच तो नेण्यात अर्थ आहे. पुण्यातील खोलीसाठी कुकर घेतानाच ही चाचणी केली, तर पुढे दुसरा घ्यावा लागत नाही.

थोडक्यात, प्रवेश निश्चित होताच घरी बसून तीन याद्या कराव्यात : घरून नेण्याच्या वस्तू, महिनाभर थांबून घ्यायच्या वस्तू आणि सोबत्यांशी मिळून घ्यायच्या वस्तू. दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे ती पुढे कोणाला देता किंवा विकता येईल, हे लिहावे. ज्या वस्तूपुढे काहीच लिहिता येत नाही, तिची खरेदी तूर्त थांबवावी. तेवढे पैसे लावणीच्या मजुरीला किंवा पहिल्या सत्राच्या पुस्तकांना उपयोगी पडतील.