आडनावातले गाव

नीरेकाठच्या होळ गावात कोणाला 'होळकर' म्हणून हाक मारण्याचे काही प्रयोजनच नव्हते, कारण तेथे सगळेच होळचे. त्या नावाला अर्थ आला तो त्या घराण्याचा पाय गावाबाहेर पडल्यावर, आणि आजोळी, खानदेशातल्या तळोद्यास वाढलेले मल्हारराव पुढे माळव्याचे सुभेदार झाले, तेव्हा तर पुणे प्रांतातल्या एका लहानशा खेड्याचे नाव इंदूर नि महेश्वरच्या राजवाड्यांपर्यंत जाऊन पोचले. 'कर' या प्रत्ययाने संपणारे आडनाव म्हणजे आपल्या कुळाचे आदिस्थान, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ आहे की आडनावाचा उगम शोधू निघालेला मनुष्य नकाशावर ते गाव सापडताच शोध संपला असे मानून स्वस्थ बसतो. वस्तुतः असे आडनाव हा वास्तव्याचा नव्हे, प्रस्थानाचा दाखला आहे. पूर्वज कोठे जन्मले हे ते सांगत नाही. ते जेथे नव्याने जाऊन राहिले तेथील लोकांनी त्यांना कोठून आलेले म्हणून ओळखले, एवढेच सांगते. आणि त्या गावातही ते दोन पिढ्यांपूर्वी दुसरीकडूनच आले असण्याचा संभव असतो. त्यातून नांदगाव, वडगाव, पिंपळगाव अशी एकाच नावाची गावे महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली असल्यामुळे, दोन नांदगावकरांची मूळ गावे एकमेकांपासून शंभर कोसांवर असू शकतात, आणि त्यांच्यात नाते असेलच असे मानण्यास काडीचाही आधार नसतो.

गाव नाव देते हे खरे. पण गावाला नाव कोठून आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गोव्यातील कुठ्ठाळ, म्हणजे पूर्वीची कुशस्थली, हे श्रीमंगेशाचे मूळ स्थान. पोर्तुगीज अमलात देवळांवर अरिष्ट आले, तेव्हा भक्तांनी १५६० साली ती देवता पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालात, प्रियोळ येथे हलवली, आणि देवाच्या नावावरून त्या वस्तीला मंगेशी हे नाव पडले. त्याच मंगेशीवरून दीनानाथांनी 'मंगेशकर' हे आडनाव लावले. म्हणजे आज जगभर ज्ञात असलेल्या या आडनावाच्या पोटात एका माणसाचे नव्हे, तर एका दैवताचे स्थलांतर साठवलेले आहे. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळास गेली, ती अशाच संकटात. म्हणून गोमंतकातून आलेल्या घराण्याने आडनावाबरोबर कुलदैवत विचारावे, आणि कुलदैवताचे आजचे देऊळ नव्हे, त्याचे पहिले स्थान शोधावे. आडनाव जेथे मुके होते, तेथे पुष्कळदा कुलदैवत बोलू लागते.

याच गोमंतकाविषयी दुसरी एक समजूत अशी, की ख्रिस्ती कुटुंबांतील फर्नांडिस, डिसोझा, परेरा ही आडनावे पोर्तुगीज रक्ताची खूण होत. अल्प अपवाद वगळता तसे काही नाही. १५१० नंतर त्या प्रदेशात जी धर्मांतरे झाली, त्यांत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव नव्या ख्रिस्त्याला मिळे. त्यामुळे एकाच गावच्या निरनिराळ्या ज्ञातींना एकच आडनाव मिळाले, आणि सख्ख्या भाऊबंदांची आडनावे क्वचित वेगवेगळी झाली. ज्या गावकऱ्यांकडे गावच्या मिळकतीचा वाटा होता, त्यांचे वांगड, म्हणजे कुळगट, मात्र गावकीच्या व्यवहारात धर्मांतरानंतरही चालू राहिले. म्हणून तेथे आडनावापेक्षा वांगडाचा शोध अधिक फलदायी ठरतो.

आता हुद्द्यांवरून पडलेल्या आडनावांकडे वळू. कोणी चिटणीस, पारसनीस किंवा वाकनीस आपल्या नावाची व्युत्पत्ती संस्कृतात शोधू लागला म्हणजे त्याच्या उत्साहाचे कौतुक वाटते, पण 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, याचाच मराठी उच्चार आहे. फर्द लिहिणारा तो फडणीस, चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. शिवछत्रपतींनी १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती केला आणि फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोशही करविला. तथापि दरबारी बिरुदे पालटली तरी घराघरांतली नावे पालटली नाहीत, कारण नाव दरबाराने दिलेले असले तरी ते टिकते लोकांच्या तोंडी.

'देशमुख म्हणजे अमुक जात, पाटील म्हणजे तमुक' ही समजूत तर सर्वांत घातक, कारण तिच्यावर सोयरिकी ठरतात आणि मोडतात. देशमुख हा परगण्याचा वतनदार आणि पाटील हा गावचा. वतन ज्याच्याकडे, त्याचे ते नाव. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, कायस्थ प्रभूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. पाटील तर मराठा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत अशा कितीतरी समाजांत आढळतात. एकाच घराण्यातील परगण्याचे लेखन सांभाळणारी शाखा देशपांडे, गावचे दप्तर राखणारी कुलकर्णी आणि वतनात वाटा न मिळाल्याने बाहेर पडलेली तिसरी शाखा गावावरून कोणी 'कर', असे तीन आडनावांचे सख्खे भाऊबंद पुष्कळ वंशावळींत भेटतात. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला, महसुली पाटलांचा वंशपरंपरागत हुद्दा १९६२च्या कायद्याने गेला. नावे मात्र राहिली.

आडनाव एक म्हणून रक्त एक, हेही मानण्याचे कारण नाही. इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे हे मूळचे जोशी. नारो महादेव यांनी आपले धनी सेनापती संताजी घोरपडे यांच्याविषयीच्या कृतज्ञतेने त्यांचे आडनाव धारण केले, आणि एक ब्राह्मण कुल मराठा घराण्याच्या नावाने नांदू लागले. तसेच जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य, साळुंखे म्हणजे चालुक्य, ही समीकरणे ऐकताना कानाला गोड वाटतात, आणि शब्दांचे साम्य नाकारण्याचेही कारण नाही. परंतु राजकुलाचे नाव केवळ राजाच्या औरसांकडेच राहते असे नव्हे, ते त्याच्या पदरच्या माणसांकडे, आश्रितांकडे आणि प्रजेकडेही जाते. हीच आडनावे महाराष्ट्रातील कितीतरी भिन्न ज्ञातींत आहेत, आणि त्यांपैकी कोणाचे जाधवपण खरे नि कोणाचे खोटे हे ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आडनाव पुरातन आणि अचल असते, हा भ्रम दूर होण्यास रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका पुरेसा आहे. या एका तालुक्यात वेळास आहे आणि आंबडवेही आहे. वेळासचे भानू पेशवाईत हुद्द्यावरून फडणीस झाले, इतके की बाळाजी जनार्दन भानू हे नाव सांगितले तर ते नाना फडणीस हे आज अनेकांच्या लक्षातही येत नाही. आंबडव्याचे सकपाळ गावावरून आंबेडकर झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दाखल्यात भिवा रामजी आंबेडकर असे नाव लिहिले गेले. शाळेचे पट, न्यायालयांचे निवाडे आणि सातबाराचे उतारे यांनी गेल्या दीडदोनशे वर्षांत आडनावे गोठवली. त्यापूर्वी मनुष्य बापाच्या नावाने, गावाने, धंद्याने किंवा वतनाने ओळखला जाई, आणि परिस्थिती पालटली की ओळखही पालटे. गावात मिरासदार असलेला मनुष्य दुष्काळात परागंदा होऊन दुसऱ्या गावी उपरी म्हणून कसू लागला, की त्याचे जुने नाव मागे राही.

पण स्थलांतर नाव पुसते तसेच ते जपतेही. अलिबाग, पेण, रोहे या बाजूच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची आडनावे पाहावीत: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले, आणि आज अश्दोद किंवा दिमोना येथील घराच्या दारावर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्याचे नाव आढळते. याउलट, व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरास गेलेल्या मराठी कुटुंबांनी घरात मराठी राखली, परंतु आडनाव बहुधा सोडून नावापुढे केवळ 'राव' ठेवला. एकीकडे गाव टिकले आणि दुसरीकडे बोली टिकली.

साधनांविषयीही एक गैरसमज आहे, तो असा की जुना कागद म्हणजे खरा कागद. वतनाच्या तंट्यात पक्षकार गोतसभेपुढे जो करीना मांडीत, त्यात सात पिढ्यांचा वृत्तांत, कोठून आलो, वतन कसे मिळाले, कोणी बुडवले, हे सर्व तपशिलाने येते, आणि म्हणूनच तो कुलेतिहासाचा अमोल खजिना आहे. परंतु तो वादीने स्वहितासाठी लिहिलेला आहे हे विसरून चालत नाही. प्रतिवादीचा करीना आणि सभेचा महजर, म्हणजे निवाडपत्र, शेजारी ठेवल्याविना त्यातले एक वाक्यही मान्य करू नये. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे मोडी कागद अफाट आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या याहून साध्या आणि कित्येकदा याहून विश्वसनीय, कारण तेथे नाव लिहिणाऱ्या यात्रेकरूला कोणाशी भांडायचे नव्हते. तेथे केवळ आडनाव सांगून भागत नाही, आधी गाव सांगावे लागते.

आणि या सर्व कागदांत जे बहुतेक कधीच नसते, ते आजीचे माहेर. आडनाव एकाच धाग्याने मागे नेते, पणजोबांपर्यंत. पण त्या पिढीत आपले आठ पणजोबा-पणज्या असतात, आणि त्यांतल्या सातांचे नाव आपल्या आडनावात नसते. त्या सातांचा शोध दप्तरात घेता येणे कठीण. घरातील वडीलधाऱ्या बाईला तिच्या आईचे माहेर, त्या माहेरचे दैवत आणि तेथील जत्रेचा दिवस विचारून ठेवावा, आणि तोही ती सांगू शकते आहे तोवर.