‘प्रोफेतेस’: भाकिताच्या आधीचा अर्थ

ख्रिस्ती धर्मग्रंथातील ‘प्रोफेतेस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भविष्य सांगणारा’ असा सर्रास केला जात असला, तरी त्याच्या घडणीत काळाचा निर्देश मुळात महत्त्वाचा नाही. ‘फेमि’ म्हणजे बोलणे. आणि संस्कृत ‘प्र’चा सगोत्र असलेला ‘प्रो’ हा उपसर्ग ‘पुढे’, ‘समोर’ आणि ‘च्या वतीने’ अशा तिन्ही अर्थांनी येतो. त्यामुळे दुसऱ्याच्या वतीने लोकांसमोर बोलणारा, हा या शब्दाचा गाभा ठरतो.

ग्रीक धर्मजीवनात हा शब्द ख्रिस्तपूर्व काळापासून रुळलेला होता. डेल्फी येथील अपोलोच्या देवस्थानात पिथिया ही स्त्री कौल देई आणि तिथे ‘प्रोफेतेस’ या नावाचा अधिकारीही असे. संचार झालेल्या माणसाला, म्हणजे ‘मान्तिस’ला, स्वतःच्या उद्गारांची पारख करता येत नाही, म्हणून त्यांचा अर्थ लावणारा ‘प्रोफेतेस’ वेगळा मानावा, असा भेद प्लेटोने ‘तिमायोस’ या संवादात केला आहे. कवी पिंडारनेही स्वतःसाठी काव्यदेवतेचा ‘प्रोफेतेस’ अशीच भूमिका घेतली होती.

या शब्दाला बायबलमध्ये स्थान मिळाले ते इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालेल्या ‘सेप्टुआजिंट’ या हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरामुळे. हिब्रूतील ‘नाबी’साठी भाषांतरकारांनी ‘प्रोफेतेस’ निवडला आणि ‘मान्तिस’ हा शब्द शकुन पाहणाऱ्यांसाठी राखला. यहोशवाच्या पुस्तकात बलाम नावाच्या शकुन पाहणाऱ्याला तोच शब्द लावलेला आहे. ‘नाबी’चे स्वरूप निर्गमाच्या पुस्तकात स्पष्ट होते: मोशेला बोलण्याची अडचण असल्यामुळे त्याचा भाऊ अहरोन त्याचे ‘मुख’ होतो आणि पुढे त्यालाच मोशेचा ‘नाबी’ म्हटले जाते. यिर्मयाच्या पुस्तकात मूळ हिब्रूत केवळ ‘नाबी’ असताना काही ठिकाणी भाषांतरकारांनी ‘प्सेउदोप्रोफेतेस’, म्हणजे खोटा संदेष्टा, असा शब्द योजून आपला निर्णयही नोंदवला.

नव्या करारात ‘प्रोफेतेस’ शंभराहून अधिक वेळा येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पहिल्याच अध्यायात वचन ‘प्रभूने’ सांगितलेले आणि ते संदेष्ट्याच्या ‘द्वारे’ आलेले, अशी रचना आहे. म्हणजे वक्ता वेगळा आणि मुख वेगळे. मात्र जुनी वचने येशूच्या जीवनात पूर्ण झाली, हे दाखवण्यावर त्या शुभवर्तमानाचा भर असल्याने वाचकांच्या मनात भाकिताचा अर्थ वरचढ ठरला. भाकीत वर्ज्य होते असेही नाही, कारण प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा संदेष्टा दुष्काळाची पूर्वसूचना देतो. तरीही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल संदेश देण्याचे जे हेतू सांगतो, ते उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन असे आहेत; त्यांत भविष्यकथनाचा उल्लेख नाही. दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी, असा दंडकही तो तिथेच घालतो. उलट प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथे भविष्य सांगून धन्यांना पैसा मिळवून देणाऱ्या दासीसाठी ग्रंथकार ‘मान्तिस’शी संबंधित क्रियापद वापरतो आणि ते नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी येते.

पारख करण्याची ही गरज ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती नियमग्रंथात अधिक व्यावहारिक होते: फिरत्या संदेष्ट्याने स्वतःसाठी पैसे मागितले, तर त्याचे ऐकू नये, असे तो सांगतो. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याला त्या बोलण्यावर आपली कमाई उभारता येणार नाही, हे त्यामागचे सूत्र दिसते.

मराठी बायबलच्या भाषांतरांत ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन शब्द आढळतात. पहिला पुढील काळाकडे बोट दाखवतो, तर दुसरा, फारसी ‘पैगंबर’प्रमाणे, निरोप आणणाऱ्याकडे. मोशेच्या शेजारी उभ्या राहिलेल्या अहरोनाला यांपैकी दुसराच शब्द शोभतो, कारण त्याला उद्याचे काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. भावाने सांगितलेले फारोसमोर नीट बोलणे एवढेच त्याचे काम होते.