गळाची काठी : बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचा उतार
लेखांक ७

मागील लेखात तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोऱ्याचा, विचार झाला. तंगूस ताण सोसतो, पण वाकण्याचे सर्व काम काठीला करावे लागते, आणि तेही परस्परविरोधी अशा दोन प्रसंगी. फेकीच्या वेळी काठीने हाताची शक्ती वाकून साठवावी आणि क्षणात सरळ होत ती दोऱ्याला द्यावी, अशी अपेक्षा असते. मासा लागल्यावर मात्र त्याच काठीने त्याच्या प्रत्येक हिसक्यापुढे नमावे आणि तरीही त्याच्यावरचा ताण सुटू देऊ नये. काठीची गुणवत्ता सांगताना ती बांबूची आहे की कार्बनची, एवढेच बहुधा सांगितले जाते. परंतु एकाच द्रव्याच्या, एकाच लांबीच्या दोन काठ्या हाताला अगदी निराळ्या वाटतात. याचे कारण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठी कोठे किती निमुळती होते, म्हणजेच तिचा उतार, हे आहे.

शेंड्याला ताण पडला की काठीच्या प्रत्येक बिंदूवर त्या ताणाचे वाकवण्याचे बळ पोहोचते आणि शेंड्यापासूनच्या अंतराबरोबर ते वाढत जाते. काठी सर्वत्र सारख्या जाडीची असेल तर ती मुठीजवळ सर्वांत जास्त वाकेल आणि शेंडा ताठच राहील; म्हणून बुंधा जाड व शेंडा बारीक ठेवावा लागतो. येथे जाडीचा प्रभाव विलक्षण असतो, कारण भरीव काठीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. शेंड्याकडचा थोडाच भाग वाकणारा ठेवला तर काठी चटकन सरळ होते आणि तिला जलद म्हणतात. वाक मुठीपर्यंत उतरत असेल तर ती संथ ठरते. संथ काठी दुय्यम असते असा समज आहे, तो चुकीचा आहे. २.७ मीटर लांबीच्या ताठ काठीच्या टोकाला काटकोनात १ किलो ताण पडला, तर मुठीपासून ३० सेंटिमीटर पुढे धरलेल्या हाताला ९ किलोचा भार पेलावा लागतो. काठी खोल वाकून ताणाची रेषा मुठीपासून निम्म्या अंतरावर आली की तोच भार साडेचार किलोंवर येतो. ताकद माशाची असते आणि तरफेचा लांब हातही त्याच्याच बाजूला असतो, त्यामुळे काठीचे हे नमणे हाताच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

उताराचे शास्त्र सर्वांत बारकाईने विकसित झाले ते इंग्लंड-अमेरिकेतील माशी-गळाच्या काठीत. या पद्धतीत पिसे व धागे बांधून केलेली कृत्रिम माशी जवळजवळ वजनहीन असते आणि फेकीचे वजन दोऱ्यालाच पुरवावे लागते. १९६१ मध्ये ठरलेल्या मानकानुसार पाच क्रमांकाच्या दोऱ्याच्या पहिल्या ९.१ मीटर भागाचे वजन सुमारे ९ ग्रॅम असते. एवढ्याशा वजनाने नेमकी वाकेल अशी काठी एकोणिसाव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातील सॅम्युएल फिलिपी आणि पुढे मेन राज्यातील हायरम लेनर्ड यांच्यासारख्या कारागिरांनी बांबूच्या कामट्या चिकटवून घडवली. आरंभी त्यासाठी कोलकात्याहून जहाजाने जाणारा भारतीय बांबू वापरात होता. नंतर त्याची जागा चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील बांबूने घेतली, ज्याला व्यापारात ‘टोंकिन’ हे भलत्याच प्रदेशाचे नाव चिकटले.

बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात आणि पोकळीकडे विरळ होत जातात. सुपे-टोपल्या विणणाऱ्या आपल्याकडच्या बुरुडालाही सालीकडची कामटी आणि आतली कामटी यांतील हा फरक हाताने ठाऊक असतो. काठीचा कारागीर याच गोष्टीचा लाभ घेतो. बांबू चिरून समभुज त्रिकोणी छेदाच्या सहा कामट्या तो रंध्याने तासतो, पण रंधा फक्त आतल्या दोन बाजूंवर चालवतो आणि सालीची बाजू जवळजवळ अस्पर्श राखतो. मग सहाही कामट्या साली बाहेर ठेवून चिकटवल्या की भरीव षट्कोनी काठी तयार होते, जिच्यात सर्वांत बळकट तंतू, जेथे ताण सर्वाधिक असतो तेथे, म्हणजे पृष्ठालगत येतात. गाठींजवळ तंतू वळणे घेतात व तेथे कामटी दुबळी असते, म्हणून सहा कामट्यांच्या गाठी शेजारी-शेजारी येऊ न देता पुढे-मागे सरकवतात. शेंड्याची जाडी सुमारे १.८ मिलिमीटर असते आणि तेथे ०.१ मिलिमीटर अधिक तासले गेले तरी ताठपणा पाचव्या हिश्श्याने घटतो. या कामातील धीर किती मोठा, हे या एका आकड्यावरून कळावे. हा उतार अंदाजाने न ठरवता प्रत्येक छेदावरील ताण गणिताने काढून ठरवण्याचे काम न्यूयॉर्कचे अभियंता एव्हरेट गॅरिसन यांनी केले, आणि त्यांची पद्धत त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून सर्वांना उपलब्ध झाली.

१९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला आणि टोंकिन बांबू मिळेनासा झाला. तोवर काचतंतूंच्या पोकळ काठ्या बाजारात आल्याच होत्या. पुढे इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानविषयक संशोधनसंस्थेत १९६० च्या दशकात बळकट कार्बनतंतू विकसित झाले आणि दशकभरात ते काठीत उतरले. समान वजनाच्या काचतंतूच्या तुलनेत कार्बनतंतू सुमारे चौपट ताठ असतो. राळ भरलेले कार्बनचे कापड पोलादी निमुळत्या सळईवर गुंडाळून भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. सळईच्या निमुळतेपणाबरोबरच कापडाचा कोणता तुकडा किती रुंद कापला यावर काठीचा उतार ठरतो, त्यामुळे रंध्याची जागा येथे कात्रीने घेतली आहे.

मात्र पातळ भिंतीच्या नळीचा एक जुना दोष कार्बनलाही चुकलेला नाही. नळी वाकवली की तिचा गोल छेद चपटा होऊ लागतो, चपटेपणाबरोबर तिचा ताठपणा घटतो आणि एका मर्यादेनंतर ती अचानक मोडते. याचे गणित ब्रेझियर या संशोधकाने १९२७ मध्ये मांडले. उभ्या बांबूत गाठीगाठींतले पडदे छेद गोल राखतात, पण काठीच्या नळीत असे पडदे नसतात. म्हणून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तंतूंबरोबर काही तंतू आडवे, वेढ्यासारखे घालावे लागतात, आणि वजन वाचवण्याच्या हव्यासात हेच तंतू कमी केले तर दुकानात हलकी वाटणारी काठी मोठ्या माशापुढे टिकत नाही. बारीकशा ओरखड्यानेही अशी भिंत कमकुवत होते. शिवाय कार्बन वीजवाहक असल्याने विजेच्या तारांखाली अशी काठी उभारणे जिवावर बेतू शकते.

दोरा ज्यांतून जातो त्या कड्यांचे वजन हाही संरचनेचाच भाग आहे. हेलकाव्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून शेंड्यावरचा १ ग्रॅम हा, मुठीपासूनच्या एक तृतीयांश लांबीवरील १ ग्रॅमच्या नऊपट जड पडतो. शेंड्याची कडी सर्वांत लहान व पातळ ठेवतात, आणि ती बांधणाऱ्या धाग्याचे वेढे व त्यावरचे रोगणही मोजूनमापून लावतात.