किराणा विकणारी दोन पोरं

आमच्या अल्लीपुरात किराणा अजून दुकानदाराच्या वहीवरच चालतो. तरी घरपोच किराणा देणाऱ्या झेप्टो कंपनीची गोष्ट सांगतोच, भन्नाट आहे.

आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा, दुबईत वाढलेले दोस्त. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईत होते. तिथं किराणाकार्ट सुरू केलं आणि स्टॅनफर्डचं शिक्षण सोडलं. आसपासच्या दुकानांतला माल घरपोच द्यायचा, एवढीच कल्पना. पण माल दुसऱ्याचा, मग वेगावर ताबा कसा राहणार? २०२१ मध्ये झेप्टो आलं: वस्तीतच स्वतःची छोटी गोदामं, म्हणजे डार्क स्टोअर. तिथं गिऱ्हाईक जातच नाही. दहा मिनिटांत माल पोचवण्याची निम्मी करामत या जवळिकीत आणि रॅकच्या मांडणीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीचं मूल्य १.४ अब्ज डॉलर ठरलं, दोघांनी पंचविशीही गाठलेली नव्हती!

पोरं हुशार, वादच नाही. गाडी दामटणाऱ्या रायडरचा हिशोब मात्र मला अजून पटलेला नाही.