विमा आहे, अपॉइंटमेंट नाही

शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येतं, तिथल्या बालरुग्ण पाहणाऱ्या तज्ज्ञांच्या दवाखान्यांना संशोधकांनी आजारी मुलाची आई बनून फोन केले. महिनाभराने त्याच दवाखान्याला पुन्हा फोन. आजार तोच, बदललेला फक्त विमा. खासगी विमा सांगितला तेव्हा 11 टक्के वेळा नकार मिळाला, गरिबांसाठीचा सरकारी विमा सांगितला तेव्हा 66 टक्के वेळा. जिथे दोघांनाही वेळ मिळाली, तिथे सरकारी विम्याच्या मुलाला सरासरी 22 दिवस जास्त थांबावं लागलं. हा अभ्यास 2011 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला.

अमेरिकेत गरिबांचा मुख्य सरकारी विमा म्हणजे मेडिकेड, 1965 सालचा. पैसा केंद्राचा आणि राज्याचा. डॉक्टरांना किती द्यायचे ते राज्य ठरवतं. तातडीच्या रुग्णाला रुग्णालय तपासल्याशिवाय परत पाठवू शकत नाही, पण खासगी दवाखान्यावर मेडिकेडचा नवा रुग्ण घेण्याची सक्ती नाही.

नकाराचं पहिलं कारण दर. ज्येष्ठांच्या मेडिकेअरमध्ये ज्या तपासणीचे शंभर डॉलर मिळतात, तिचे मेडिकेडमध्ये 2019 साली सरासरी 72 मिळत होते. 2013 आणि 2014 ही दोन वर्षं केंद्राने प्राथमिक उपचारांचे दर मेडिकेअरइतके केले. दहा राज्यांत पुन्हा असेच फोन लावून पाहिले, तर अपॉइंटमेंट मिळण्याचं प्रमाण 58.7 वरून 66.4 टक्क्यांवर गेलेलं होतं. म्हणजे दराने फरक पडला, पण तिढा सुटला नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण: बिलांची अडवणूक. एखादा कोड चुकला, रुग्णाची पात्रता मधल्या काळात संपली, की बिल नामंजूर. मग फेरसादर करा, फोनवर ताटकळा. अर्थतज्ज्ञांच्या हिशेबाप्रमाणे मेडिकेडच्या कमाईतला सुमारे सहावा हिस्सा डॉक्टर या कटकटीत गमावतात. खासगी विम्यात तो तीन टक्क्यांच्याही आत आहे. मोठं रुग्णालय यासाठी माणसं ठेवतं. एकट्या डॉक्टरला मात्र नवा रुग्ण नाकारणंच सोपं पडतं. आपल्याकडच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतली रुग्णालयं कमी दर आणि थकलेली बिलं यांबद्दल जे बोलतात, ते याहून फार वेगळं नाही.

मेडिकेडचे रुग्ण वेळ घेऊनही येत नाहीत, असंही डॉक्टर सांगतात. ते काही वेळा खरंही असतं. पण तासावर मजुरी मिळणाऱ्या बाईने भर दुपारी कामावरून सुटायचं कसं? तिला दोष देऊन दवाखान्याचं दार उघडत नाही. डॉक्टरांच्या माथी सगळं मारणंही मला पटत नाही. मेडिकेडचं कार्ड देणाऱ्या राज्यानेच बिलं अडवायची आणि डॉक्टर मिळत नाहीत म्हणून हात वर करायचे, हे अन्यायाचं आहे.

यातून वाट काढतात ती सरकारी अनुदानावरची सामुदायिक आरोग्य केंद्रं. ती मेडिकेडवाल्यांना घेतात, विमा नसलेल्यांनाही घेतात. ताप-मधुमेहावरचे उपचार आणि लसीकरण तिथे नीट होतं. पण मुलाच्या फिट्ससाठी किंवा मोडलेल्या हातासाठी तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली, की ती घेऊन आईला पुन्हा त्याच खासगी दवाखान्यांना फोन लावावे लागतात.