विकत घेतलेला अधिकार

लांच ही देणारा व घेणारा यांच्यापुरती बाब, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तिची खरी किंमत तिसराच मोजतो. १८८८ सालीं पुण्याचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर नेमणुका व बदल्यांसाठीं मामलतदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप आला. चौकशी-मंडळानें तो अमान्य केला. तरी हाताखालच्या प्रदेशांत कर्जें काढल्याबद्दल साहेबांची नोकरी गेली. अभयवचनावर साक्ष देणाऱ्या मामलतदारांपैकीं कांहींस घरीं बसावें लागलें. टिळकांनीं त्यांची बाजू घेतली.

रयतेचा विचार केला म्हणजे प्रकरणाचें गांभीर्य कळतें. मामलतदार सारा वसूल करी आणि फौजदारी खटलेही चालवी. अधिकार विकत घेणारा त्याचें मोल कोठून काढणार? सारा भरणाऱ्या कुळाकडून, नाहीं तर न्याय मागावयास आलेल्या गरिबाकडून! आपलें काम लवकर व्हावें म्हणून खिशांत हात घालणाऱ्या सुज्ञ गृहस्थानें त्या तिसऱ्याचें स्मरण ठेवावें.